जाळ्यात मेलेला डॉल्फिन मोजतात, आवाजाने पळालेला कोण मोजणार?



गेल्या मोसमातली गोष्ट बऱ्याच जणांना आठवत असेल. एका संध्याकाळी संस्थेच्या फोनवर सूचना आली. अमुक अक्षांश-रेखांशाच्या चौकोनात सर्वेक्षण जहाज काम करणार, मागे काही किलोमीटर लांब केबल आहे, मच्छीमारांनी लांब राहावे. सूचना इंग्रजीत होती, आणि काम दुसऱ्या दिवशी पहाटेच सुरू होणार होते. आपल्या काही होड्या तोवर बाहेर पडल्याही होत्या. एका सभासदाची जाळी त्या केबलमध्ये अडकून गेली. भरपाईसाठी आम्ही तीन अर्ज केले. उत्तर अजून यायचे आहे.

पुढच्या मासिक सभेत यावर बराच आरडाओरडा झाला. शेवटी मागे बसलेले एक वयस्क तांडेल उठून म्हणाले, "अरे सेक्रेटरी, जाळ्याचं सोड. जाळं परत घेता येईल. त्या आठवड्यात गादे कुठं गेले ते सांग आधी." गादे म्हणजे डॉल्फिन, हे आपल्याला सांगायला नको. "काका, वाचून बघतो आणि सांगतो," असे आम्ही सभेत कबूल केले होते. वाचायला वेळ लागला. हा लेख म्हणजे काकांना दिलेला शब्द.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ते डॉल्फिन जहाजामुळेच गेले, असे आम्ही म्हणत नाही. डॉल्फिन तारल्या-बांगड्यांच्या मागे फिरतात, मासळी सरकली की तेही सरकतात. एक आठवडा दिसले नाहीत म्हणून काही सिद्ध होत नाही. पण प्रश्न खरा आहे. जगात बऱ्याच ठिकाणी तो विचारला गेला आहे, आणि त्यावर नियमही झाले आहेत. ते नियम काय आहेत आणि त्यातले आपल्याला काय मागता येईल, एवढेच आज सांगायचे आहे.

जहाज नेमके करते काय?

समुद्राच्या तळाखाली दगडाचे, गाळाचे थर कसे बसले आहेत हे वरून दिसत नाही. म्हणून जहाज आपल्या मागे 'एअरगन' ओढत नेते, म्हणजे हवेच्या बंदुका. आपल्या मोटरसायकलच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला तीसेक पौंड दाबाची हवा असते. या बंदुकांत ती सुमारे २,००० पौंड दाबाने भरतात आणि एकदम सोडतात. त्याचा मोठा धमाका होतो. तो आवाज पाण्यातून खाली जातो, तळात शिरतो, वेगवेगळ्या थरांवर आपटून परत येतो. जहाजामागच्या लांब केबलमध्ये पाण्याखालचे माइक बसवलेले असतात, ते हा परतलेला आवाज टिपतात. त्यावरून तळाखालचा नकाशा तयार होतो. डॉक्टर सोनोग्राफी करतो तसाच हा प्रकार, फक्त आवाज फार मोठा.

असा धमाका एकदाच होत नाही. तेलाच्या सर्वेक्षणात तो साधारण दहा-पंधरा सेकंदांनी एकदा होतो, संशोधनाच्या कामात काही वेळा जास्त अंतराने. रात्रंदिवस, कित्येक आठवडे. दहा सेकंदाला एक धरला तर चोवीस तासांत ८,६४० होतात.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने. आणि जाड, खालच्या सुराचा आवाज फार लांब जातो. अटलांटिक महासागराच्या मध्यावर संशोधकांनी पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांना सुमारे ४,००० किलोमीटरवरच्या सर्वेक्षणाचे आवाज ऐकू आले होते. मोठे देवमासे एकमेकांशी बोलतात ते याच जाड सुरात. भर बाजारात लाऊडस्पीकर लावल्यावर शेजारच्या माणसाचे बोलणे कळत नाही, तसे त्यांचे होते. जवळ असले तर कानाला इजा होऊ शकते. लांब असले तर खाणे सोडतात, वाट बदलतात, गप्प होतात.

संशोधन नको असे आम्ही म्हणत नाही

काही जण सभेत म्हणाले, ही जहाजेच बंद करा. आम्हाला ते पटत नाही.

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानच्या बाजूला, समुद्राखाली मोठा भूकंप झाला. त्याची लाट पार मुंबईपर्यंत आली होती. २००४ ची त्सुनामी तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. समुद्राखालचे तडे कुठे आहेत हे कळायचे असेल तर असले सर्वेक्षण लागतेच. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या दोन्ही संस्था आपल्या दाराशी आहेत. २००९ साली भारताने आपल्या खंडमंचाच्या हद्दीचा दावा संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे मांडला. त्याच्या तयारीतही तळाखालच्या थरांचे असे मोजमाप लागले. समुद्रावरचा देशाचा हक्क त्यातून ठरतो. तो हक्क आपलाही आहे.

म्हणून जहाज यावे की येऊ नये, यावर आमचा वाद नाही. जहाजाने कसे यावे, कुठे थांबावे आणि कोणाला विचारावे, यावर आहे.

मेक्सिकोतले दोन देवमासे

या विषयात २००२ सालचे एक प्रकरण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या आखातात 'मॉरिस युइंग' नावाचे अमेरिकन संशोधन जहाज काम करत होते. हे तेल शोधणारे जहाज नव्हते. कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट-डोहर्टी संस्थेचे शास्त्रज्ञ त्यावर होते, पैसा अमेरिकन सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा होता. तिथे जमिनीचे दोन तुकडे एकमेकांपासून कसे दूर जात आहेत, याचा अभ्यास चालला होता. जहाजामागे वीस एअरगन होत्या.

त्याच दिवसांत अमेरिकेच्या मत्स्य खात्यातले काही जीवशास्त्रज्ञ सुट्टीवर त्या भागात आले होते. सान होसे नावाच्या बेटावर त्यांना दोन मेलेले देवमासे सापडले. क्युविअरचा चोचदार देवमासा म्हणतात तो हा. तोंड चोचीसारखे, आणि बुडी मारण्यात जगात पहिला. शास्त्रज्ञांनी या जातीची जवळजवळ तीन किलोमीटर खोल बुडी नोंदवली आहे. असे दोन मासे एकाच वेळी किनाऱ्यावर पडणे नेहमीचे नव्हते.

पर्यावरणवाल्यांची एक संघटना कोर्टात गेली. २८ ऑक्टोबर २००२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीशाने जहाजाच्या एअरगन थांबवण्याचा तात्पुरता आदेश दिला. समुद्र मेक्सिकोचा असला तरी पैसा अमेरिकन सरकारचा आहे, तेव्हा परिणामांचा आधी विचार करण्याचा कायदा लागू होतो, असा त्याचा मथितार्थ.

आता नीट ऐका. ते मासे एअरगनमुळेच मेले हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. सापडल्यावर नीट तपासणी होईपर्यंत शरीरे खराब झाली होती. पण कोर्टाने 'आधी सिद्ध करा, मग थांबवू' असे म्हटले नाही. 'आधी विचार करा, परवानगी घ्या, मग चालवा' असे म्हटले. सिद्ध करण्याचा बोजा मेलेल्या माशावर टाकला नाही.

आणि त्यानंतर संशोधन बंद पडले का? नाही. लॅमाँटचे पुढचे जहाज 'मार्कस लँगसेथ' छत्तीस एअरगन घेऊन समुद्रात उतरले. फरक एवढाच की अशा मोहिमांसाठी आधी अर्ज, परिणामांचा अंदाज, जनतेच्या हरकती आणि अटी, हे सगळे ठरून गेले. २०११ साली सायन्स फाउंडेशनने अशा सर्व मोहिमांच्या परिणामांवर मोठा अहवाल काढला. नियम आल्याने विज्ञान मेले नाही.

नियम असतात तरी काय?

ब्रिटनने १९९५ सालीच यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पुढे बऱ्याच देशांनी त्यांच्या धर्तीवर आपापले नियम केले. सोप्या भाषेत ते असे आहेत.

पहिला, बघणे. एअरगन सुरू करण्याआधी प्रशिक्षित निरीक्षकाने किमान ३० मिनिटे पाण्यावर नजर ठेवायची. खोली २०० मीटरपेक्षा जास्त असेल तर ६० मिनिटे, कारण खोल पाण्यातले देवमासे फार वेळ खाली राहतात.

दुसरा, थांबणे. एअरगनपासून ५०० मीटरच्या आत देवमासा किंवा डॉल्फिन दिसला तर सुरुवात करायची नाही. तो निघून गेल्यावर आणखी २० मिनिटे वाट पाहायची.

तिसरा, हळू सुरुवात. एकदम सगळ्या बंदुका डागायच्या नाहीत. लहान बंदुकीपासून सुरू करून किमान २० मिनिटांत आवाज चढवत न्यायचा, म्हणजे जवळपासच्या जनावरांना सरकायला वेळ मिळतो.

चौथा, ऐकणे. रात्री आणि धुक्यात डोळे चालत नाहीत. तेव्हा पाण्याखालच्या माइकवर देवमाशांचे आवाज ऐकून ते जवळ आहेत का हे पाहायचे.

अमेरिकेत यापुढे एक पाऊल आहे. काम सुरू झाल्यावर प्राणी ठरलेल्या अंतरात आला तर एअरगन बंद करावी लागते. आणि किती प्राण्यांना त्रास होईल याचा आकडा परवानगी मागतानाच द्यावा लागतो.

या नियमांत उणिवा आहेत, त्याही सांगतो. दर्यात लाट असेल तर पाण्यावर आलेली पाठ दिसत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. माइकवर ऐकायचे म्हटले तर गप्प असलेला देवमासा कळत नाही. आणि ५०० मीटर हे अंतर कानाला इजा होऊ नये म्हणून आहे, दहा-वीस किलोमीटरवर खाणे सोडून पळणाऱ्या प्राण्याचे काय, याचे उत्तर त्यात नाही. म्हणून आता जाणकार सांगतात की सगळ्यात मोठा नियम म्हणजे जागा आणि वेळ. जिथे आणि ज्या महिन्यांत प्राणी जमतात, तिथे तेव्हा जायचेच नाही.

हे करून खरेच फरक पडतो का? स्पेनच्या कॅनरी बेटांचे उदाहरण आहे. तिथला आवाज एअरगनचा नव्हता, नौदलाच्या सोनारचा होता, हा फरक लक्षात ठेवा. तिथे युद्धसरावांच्या वेळी चोचदार देवमासे कळपाने किनाऱ्याला लागायचे. सप्टेंबर २००२ मध्ये चौदा मासे लागले. ताज्या शरीरांची तपासणी झाली तेव्हा आत वायूचे बुडबुडे सापडले, पाणबुड्या घाईने वर आला तर त्याला होते तसे. २००४ साली स्पेनने त्या बेटांभोवती असे सोनार वापरायला बंदी केली. त्यानंतर पुढच्या नऊ वर्षांचा हिशोब शास्त्रज्ञांनी मांडला, तर तशी सामूहिक घटना एकही नव्हती.

आणि आपली मासळी?

तुम्ही म्हणाल, सेक्रेटरी देवमाशांचेच सांगतो, आमच्या पोटाचे काय? त्याचेही उत्तर आहे.

१९९२ साली नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी बॅरेंट्स समुद्रात मुद्दाम प्रयोग केला. एअरगन सुरू करण्याआधी, चालू असताना आणि नंतर अशी तीन वेळा मासेमारी करून पाहिली. कॉड आणि हॅडॉक या माशांची ट्रॉलची पकड सगळ्या भागात मिळून निम्म्यावर आली. जिथे जहाज चालत होते तिथे ती सुमारे ७० टक्क्यांनी घटली. परिणाम १८ सागरी मैलांपर्यंत दिसला, आणि बंदुका थांबल्यावर पाच दिवसांतही पकड पूर्ववत झाली नाही.

२०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियाजवळचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका एअरगनच्या फेरीनंतर १.२ किलोमीटरपर्यंत पाण्यातले बारीक जीव जास्त प्रमाणात मेलेले सापडले. हेच बारीक जीव आपल्या तारल्यांचे आणि बांगड्यांचे खाणे.

कॉड म्हणजे बांगडा नव्हे आणि बॅरेंट्स म्हणजे अरबी समुद्र नव्हे, हे खरे. पण नॉर्वेने त्यातून एक धडा घेतला तो आपल्याही कामाचा आहे. तिथे सर्वेक्षण जहाजावर मासेमारीचा जाणकार माणूस ठेवावा लागतो. कुठे जाळी आहेत, कुठे मासेमारी चालू आहे, हे तो जहाजाला सांगतो. आपल्याकडे गेल्या वर्षी असा एक माणूस जहाजावर असता, तर आपल्या सभासदाची जाळी वाचली असती.

इथे आणखी एक अडचण आहे. लांब केबल ओढायला शांत समुद्र लागतो. म्हणजे जहाज येणार ते ऑक्टोबर ते मे. आपल्याला १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी. राहिलेल्या ज्या महिन्यांत आपण कमावतो, तेच महिने त्यांनाही हवेत.

एकच कायदा, दोन मापे

आता मथळ्यातल्या प्रश्नाकडे येतो.

अमेरिकेचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा १९७२ चा. एअरगनच्या परवानग्या आणि अटी येतात त्या याच कायद्यातून. आणि याच कायद्याखाली २०१६ साली दुसरा नियम निघाला. जो देश अमेरिकेला मासळी विकतो, त्याने आपल्या जाळ्यांत किती डॉल्फिन, देवमासे मरतात याचा हिशोब ठेवायचा आणि ते कमी करायचे. नाहीतर मासळी घेणार नाही. म्हणून आपल्याकडेही सागरी सस्तन प्राण्यांची मोजणी सुरू झाली आणि बोटींवर विचारपूस होऊ लागली.

हे चांगलेच आहे. आपल्या जाळ्यात डॉल्फिन मरतो, हे आपण नाकारू नये. पण त्याच कायद्याचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे आवाजाचा हिशोब, तोही आपल्या समुद्रात यायला हवा. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिन आणि देवमाशांना संरक्षण आहे. दुसरीकडे २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत तेलाच्या शोधाला आधी मंजुरी लागते, पण खोदकाम नसलेल्या सर्वेक्षणाला, त्या क्षेत्राला आधी परवानगी मिळालेली असेल तर, सूट ठेवली आहे. तळाला भोक पडत नाही म्हणून नुकसान नाही, असा त्यामागचा हिशोब दिसतो. आवाज त्यात धरलेला नाही.

आणि आपल्या समुद्रात जपण्यासारखे काय आहे? किनाऱ्यालगत कुबड असलेला डॉल्फिन आहे, जगात धोक्यात आलेल्या जातींमधला. बाहेर खोल पाण्यात अरबी समुद्राचा कुबड देवमासा आहे. इतर समुद्रांतले त्याचे भाऊबंद थंड आणि उष्ण पाण्यात ये-जा करतात, हा वर्षभर अरबी समुद्रातच राहतो. ओमानकडे त्याची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. २०१७ साली ओमानजवळ एका मादीला उपग्रहाचे यंत्र लावले. तिचे नाव लुबान, म्हणजे आपला लोबान. ती अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आली आणि २०१८ मध्ये परत गेली. ज्या जातीचे एवढेच प्राणी उरलेत, तिच्या वाटेत महिनाभर धमाके करायचे असतील तर निदान कोणीतरी बघणारा हवा.

आपण काय मागणार

कार्यकारी मंडळाने पाच मागण्या ठरवल्या आहेत. मत्स्योद्योग खाते आणि बंदर कप्तान खाते यांना त्या लेखी देत आहोत.

१. सर्वेक्षणाची सूचना किमान पंधरा दिवस आधी, मराठीत आणि कोकणीत, नकाशासह, प्रत्येक जेटीच्या फलकावर लावावी.

२. जहाजावर स्वतंत्र निरीक्षक असावेत, आणि त्यांच्यासोबत इथल्या मच्छीमारांपैकी एक जाणकार पगारावर असावा.

३. आधी किती वेळ बघणार, किती अंतरावर थांबणार आणि रात्री काय करणार, हे परवानगीतच लिहिलेले असावे. निरीक्षक थांबा म्हणाला की कॅप्टनने थांबावे.

४. डॉल्फिन-देवमासे कुठे कोणत्या महिन्यात असतात याची पाहणी कामाच्या आधी आणि नंतर करावी. त्याशिवाय फरक पडला की नाही हे कोणालाच कळणार नाही.

५. काय दिसले आणि किती वेळा थांबले याच्या नोंदी काम संपल्यावर जाहीर कराव्यात. जाळ्यांच्या भरपाईची पद्धत काम सुरू होण्याआधी ठरवावी.

आणि आपण काय करणार

नुसते मागून चालणार नाही. काकांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला देता आले नाही, त्याचे खरे कारण सांगतो. आपल्याकडे नोंदच नव्हती. त्या आठवड्याआधी डॉल्फिन रोज किती दिसत होते, हे कोणी लिहून ठेवले होते? कोणीच नाही. पन्नास वर्षांचा अनुभव डोक्यात आहे, पण कागदावर एक ओळ नाही. अधिकाऱ्यापुढे डोके नेता येत नाही, वही नेता येते.

म्हणून १ ऑगस्टला दर्या उघडला की प्रत्येक बोटीला संस्थेकडून एक वही मिळेल. तारीख, वेळ, जीपीएसवरची जागा, डॉल्फिन किंवा देवमासा दिसला का, किती, सोबत पिल्लू होते का, जवळ मोठे जहाज होते का. एवढेच लिहायचे. लिहायला जमत नसेल तर फोनवर बोलून पाठवा, आम्ही ऑफिसात लिहून घेऊ. काही दिसले नाही तर 'दिसले नाही' हेही लिहा. न दिसल्याची नोंदही तेवढीच महत्त्वाची आहे, उद्या तुलना त्यावरच होईल. आणि जाळ्यात मेलेला सापडला तर तोही लिहा, लपवू नका. आपण आपले लपवले तर दुसऱ्याचा हिशोब मागायला तोंड राहणार नाही.

किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला तर ओढून परत समुद्रात सोडू नका, कापू नका. ताबडतोब वनखात्याला आणि संस्थेला कळवा. कानाला इजा झाली होती का हे बघायचे तर तपासणी पहिल्या काही तासांत व्हावी लागते. मेक्सिकोत उशीर झाला आणि खरे काय ते कधीच कळले नाही.

काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आज आमच्याकडे नाही. पुढच्या वर्षी जहाज येईल तेव्हा वहीत बघून सांगू.

आपला,
सचिव, मच्छीमार सहकारी संस्था
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)